फळीतून गेलेली टुक

मला बोलायची सवय नाही. उभ्या जन्मात मी फक्त रेघा ओढल्या. पण रेघा ओढता ओढता जे पाहिलं, जे ऐकलं आणि ज्यात माझाही हात होता, ते एकदा सांगून मोकळी होते. मी एडना. नाव बाईचं असलं तरी मी एक यंत्र आहे. एक मोटर, कागदाचं एक भेंडोळं आणि दोन पेनं, एवढाच माझा संसार.

नाव ठेवलं क्लाइड पर्विसने. नेब्रास्कातल्या एका विद्यापीठाच्या तळघरात त्याचं वर्कशॉप होतं. छप्पन सालच्या हिवाळ्यात त्याने मला तिथे जोडलं. मोटर मोडक्या बेरजेच्या यंत्रातली, रूळ जुन्या टाइपरायटरचा, पत्रा कुठला ते त्यालाच ठाऊक. मी पहिल्यांदा चालले तेव्हा तो टोपी मागे सारून बघत राहिला आणि म्हणाला, "ही तर आमची शेजारीण एडना. दिवसभर पडद्याआडून बघायचं, कोण आलं, कोण गेलं, किती वेळा दार वाजलं, सगळं ध्यानात ठेवायचं. ही निदान केक घेऊन चौकशीला तरी येणार नाही."

मला राग आला नाही. खरंच होतं ते.

माझं काम सोपं. कागद आपल्या चालीने हळूहळू सरकायचा आणि माझं मोठं पेन त्यावर टेकलेलं असायचं. बाजूला एक जाड लाकडी पेटी होती, लहान कपाटाएवढी. पेटीत एक कबुतर. कबुतराने आतल्या चकतीवर एकदा चोच मारली की माझं पेन केसभर वर सरकायचं. भराभर चोच मारली तर रेघ शिडीसारखी चढायची. ते नुसतंच बसून राहिलं तर रेघ सपाट. पेटीला दार होतं, आत पंखा घरघरत असायचा, बाहेरचं काही आत ऐकू जाऊ नये म्हणून. त्यामुळे आतल्या माझ्या शेजाऱ्याचं तोंड मला कधी दिसलं नाही. पण त्याला भूक किती आहे, आज त्याचं लक्ष आहे की नाही, हे माझ्याइतकं कोणाला कळत नसेल.

मानसशास्त्राच्या या लोकांचा एक विचार होता. प्रोफेसर हॅस्केल तो नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगायचे. "कोणाच्या मनात काय आहे ते विचारत बसू नका. तो काय करतो ते बघा, आणि केल्यावर त्याला काय मिळतं ते बघा. बाकीचं कळेल." मला हे फार पटायचं. मन मला तरी कुठे दिसत होतं?

प्रोफेसर उंच, वाकलेले, कायम तपकिरी कोटात. कोटाच्या उजव्या खिशात पेपरमिंट. दार ढकलून आत यायचे ते थेट माझ्याकडे. माझी रेघ चढती असली की हात खिशात जायचा आणि एक पेपरमिंट त्यांची विद्यार्थिनी व्हर्ना हिच्या टेबलावर यायची. रेघ सपाट असली की चष्मा पुसायचे आणि न बोलता निघून जायचे. दोन वर्षांत मी हे इतक्या वेळा पाहिलं, की त्यांची पावलं जिन्यावर वाजली की व्हर्ना आधी कागदाकडे बघायची आणि मग त्यांच्या खिशाकडे. तिचं तिला ते माहीत नव्हतं. मला होतं. पण मला विचारतं कोण?

व्हर्ना हौगेन मिनेसोटाची. वडिलांचा टर्की कोंबड्या पाळायचा धंदा होता. सात वर्षं गावच्या शाळेत शिकवून, तिशी उलटल्यावर ती डॉक्टरेट करायला आली. वडिलांचा फोन आला की क्लाइड हमखास आसपास असायचा, मीही असायचेच.

"काय म्हणतात?" क्लाइड विचारायचा.

"म्हणतात, पक्ष्यांची विष्ठाच काढायची होती तर घरी काय कमी होती."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, इथली कबुतरं नोकरीला लागणार आहेत."

ती थट्टा नव्हती. औषधांच्या एका कंपनीत बायका पट्ट्यापाशी बसून, तांदूळ निवडावेत तशा खराब कॅप्सूल निवडायच्या. कुठे चेमटलेली, कुठे टोपण नीट न बसलेलं, कुठे दोन रंगांची गफलत. दुपारपर्यंत त्यांचे डोळे शिणायचे. कबुतराचे शिणत नाहीत. व्हर्नाने दोन वर्षं खपून पक्ष्यांना शिकवलं होतं: खिडकीत चांगली कॅप्सूल आली तर गप्प राहायचं, खराब आली तर चकतीवर चोच मारायची. चोच बरोबर असली की तीन सेकंद दाण्यांची ताटली वर यायची.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कॅप्सूल एका फिरत्या पट्ट्यावर लावलेल्या असायच्या, आणि खराब कोणत्या ते व्हर्नाला आधीच माहीत असायचं. त्यांच्याखाली ती पत्र्याची एक बारीक चकती लावायची. खराब कॅप्सूल खिडकीत आली की पत्रा तारेला लागायचा, आणि माझं दुसरं, धाकटं पेन कागदावर पडायचं. टुक. म्हणजे नंतर कागद वाचताना कळावं, की इथे खराब आली होती आणि पक्ष्याने ओळखली की नाही. 

टुक, आणि लगेच रेघ चढायची. टुक, रेघ चढायची. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा. मला माझ्या शेजाऱ्याचा काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू.

अठ्ठावन्नच्या मे महिन्यात कंपनीची माणसं बघायला यायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता. प्रयोग त्यांना पटला की व्हर्नाचा प्रबंध त्यावरच उभा राहणार होता आणि जूनमध्ये पदवी. नाही पटला तर तिची मुदत संपत होती. विभागाचं तसं पत्रच होतं, ते तिने भिंतीला टाचणीने लावून ठेवलं होतं. जूननंतर तळघराची किल्ली परत करायची होती.

मंगळवारी दुपारी क्लाइडने माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "एडना, तुझी रेघ थरथरतेय. पाहुण्यांसमोर असं चालतं का?" खरंच, मोटर जुनी झाल्यामुळे माझं अंग हलायचं. मी आणि पेटी एकाच लांब फळीवर होतो. क्लाइडने सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे कातरले आणि माझ्या चार कोपऱ्यांखाली सरकवले. मला फार बरं वाटलं. अंगाची थरथर थांबली. 

बुधवारी सकाळी व्हर्नाने एकतीस नंबरच्या कबुतराला वजनकाट्यावर ठेवलं. चारशे बारा ग्रॅम, भूक राहावी म्हणून ठरवलेलं, तेवढंच. म्हणजे भूक होती. तिने त्याला पेटीत सोडलं, पट्टा सुरू केला. माझं धाकटं पेन पडलं. टुक. मी वाट बघत राहिले. 

काही नाही.

पुन्हा टुक. काही नाही. मग चांगली कॅप्सूल असताना दोन चोची, मग पुन्हा काही नाही. दीड तास माझी रेघ जमिनीला टेकून चालली. व्हर्नाने दिवा तपासला, दाणे तपासले, खिडकीची काच पुसली. अठ्ठावीस नंबर आणला. तोही तसाच. जेवायच्या सुट्टीत तिने सँडविच उघडलं आणि तसंच पुन्हा गुंडाळून ठेवलं.

प्रोफेसर आले. कागद पाहिला. चष्मा पुसला.

"जास्त खायला घातलंस का?"

"नाही सर. वजन लिहिलंय तिथे."

"कोणी पिंजऱ्यांपाशी गेलं होतं?"

"कोणी नाही."

"परवा दहा वाजता ते इथे उभे राहणार आहेत, व्हर्ना." एवढंच बोलून ते गेले. ती खिशाकडे बघत होती. मी पाहिलं. 

गुरुवार उजाडला तोही सपाटच. दुपारी क्लाइड आला, माझ्या खालचे तुकडे कमीजास्त जाडीचे झालेत म्हणून ते काढून घेऊन गेला, नवे कातरायला. व्हर्ना तेव्हा पिंजरे धूत होती. परत येऊन तिने एकतीसला शेवटचं म्हणून पेटीत सोडलं.

टुक. रेघ चढली. टुक, चढली. टुक, चढली. पेन कागदाच्या वरच्या कडेला जाऊन खाली आलं आणि पुन्हा चढायला लागलं.

तेवढ्यात प्रोफेसर डोकावले. त्यांचा चेहरा असा काही सैल झाला की वय दहा वर्षांनी उतरलं. या वेळी दोन पेपरमिंट टेबलावर आल्या. "बघ, उगाच घाबरलो आपण. पक्ष्यांनाही वाईट दिवस असतात." ते शीळ घालत गेले.

व्हर्नाने पेपरमिंटला हात लावला नाही. ती कागद बघत उभी होती. काम पुन्हा सुरू झालं यात तिला आनंद का होत नव्हता, ते मला तेव्हा कळलं नाही.

क्लाइड नवे तुकडे घेऊन आला.

"क्लाइड, आज इथलं काही हलवलंत?"

"मी? नाही. एडनाच्या टाचेखालचं रबर तेवढं काढलं. मंगळवारी घातलं होतं, नीट बसलं नाही."

"मंगळवारी," व्हर्ना म्हणाली.

"का गं पोरी, काय झालं?"

"ते पुन्हा घाला बघू."

त्याने घातलं. रेघ सपाट झाली. "आता काढा." काढलं, रेघ चढली. तिने चार वेळा घालायला लावलं, चार वेळा काढायला लावलं. क्लाइड आधी कुरकुरत होता, तिसऱ्या वेळेपासून स्वतःच कागदाकडे बघायला लागला. मग तिने माझ्या धाकट्या पेनाची तार सोडवली. रबर नव्हतं तरी रेघ सपाट. 

ती खाली बसली आणि फळीवर तळहात ठेवला. "घरी टर्कींच्या शेडमध्ये बाबा पाऊल टाकायच्या आधी सगळ्या माना वर व्हायच्या," ती हळूच म्हणाली. "आवाज येत नसे. त्यांना पायांना कळायचं." आम्ही कबुतराच्या कानांसाठी पंखा लावला होता. पायांचा विचार कोणी केला नव्हता.

खिडकीत चांगली कॅप्सूल होती. व्हर्नाने बोटाने फळीवर हलकेच वाजवलं. आत चोच पडली. माझं पेन चढलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा चढलं. 

मग मला कळलं. दोन वर्षं माझा शेजारी कॅप्सूल बघतच नव्हता. मी त्याला उत्तर सांगत होते. मी, जी फक्त बघते म्हणून मिरवत होते. मला वाटायचं मी भिंतीबाहेरची आहे, मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि तिकडे माझी प्रत्येक टुक फळीतून त्याच्या पंजांपर्यंत जात होती.

व्हर्नाने प्रोफेसरांना बोलावून आणलं. त्यांनी स्वतः बोटाने वाजवून पाहिलं.

"रबर काढून ठेव," शेवटी ते म्हणाले. "उद्या दोन तासांचा प्रश्न आहे. नंतर पक्षी नव्याने शिकवू."

"सर, त्यांच्या कारखान्यात एडना नसणार. खराब कॅप्सूल कोणती ते तिथे कोणालाच आधी माहीत नसेल. मग टुक कोण करणार?"

"मी म्हटलं ना, नव्याने शिकवू."

"आणि ते होईपर्यंत पट्ट्यावरून पुढे जातील त्या कॅप्सूल?"

"त्यांच्याकडे इतर तपासण्या असतात."

"त्या बायकांना ते घरी पाठवणार आहेत. तुम्हीच कंपनीला तसं लिहिलंत."

प्रोफेसरांनी भिंतीवरच्या मुदतीच्या पत्राकडे पाहिलं. रागावले नव्हते ते. घाबरले होते. मला भीती ओळखता येते, घाबरलेल्या पक्ष्याची रेघही त्यांच्या बोलण्यासारखीच तुटक पडते. "जूननंतर मला तुझ्यासाठी काही करता येणार नाही, व्हर्ना. हे तुला माहीत आहे." ते दारापर्यंत गेले. "यंत्राखाली काय ठेवायचं, काय नाही, हे मी आजवर पाहिलेलं नाही. उद्याही पाहणार नाही."

दार लागल्यावर क्लाइड म्हणाला, "म्हणजे तुझ्या गळ्यात बांधलं आणि गेला."

व्हर्नाने चारही तुकडे उचलून ॲप्रनच्या खिशात टाकले आणि दिवा मालवला.

शुक्रवारी दहाला पाहुणे आले. दोन गप्प माणसं आणि त्यांचे साहेब, मिस्टर टेलफर्ड. जाडजूड, हसरे. आल्या आल्या त्यांनी आपली हॅट माझ्या डोक्यावर ठेवली. क्लाइडने ती उचलून खुंटीवर टांगली. माझ्याखाली रबर नव्हतं. ते व्हर्नाच्या खिशात होतं, आणि तिचा हातही त्याच खिशात होता.

पट्टा सुरू झाला. टुक, रेघ चढली. मला पेन पाडायचं नव्हतं. पण तार लागली की पेन पडतं, माझ्या इच्छेला विचारतं कोण? टुक. टुक. पाहुणे पुढे वाकले. वीस मिनिटांत एकही चूक नाही.

"माझ्या सासूबाईंपेक्षा तल्लख आहे हे पाखरू," टेलफर्ड म्हणाले. "आणि चहाही मागत नाही." सगळे हसले. प्रोफेसर सगळ्यांत मोठ्याने हसले. त्यांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला.

व्हर्नाने तो हात पाहिला. पहिल्यांदाच तिने तो असा पाहिला, जशी ती पेटीतल्या ताटलीकडे बघायची, अंतरावरून, नोंद घेत. मग आपल्या टेबलाकडे पाहिलं, कालच्या दोन पेपरमिंट अजून तिथेच होत्या. 

"मिस्टर टेलफर्ड," ती म्हणाली, "जरा इथे फळीवर हात ठेवता?"

प्रोफेसरांचं हसू होतं तिथेच राहिलं.

टेलफर्डनी हात ठेवला. टुक. त्यांनी भुवई उंचावली. टुक. "काहीतरी लागतंय हाताला."

"आता बघा." तिने मला एका बाजूने उचललं आणि एकेक तुकडा खाली सरकवला. चौथा तुकडा बसला. पेन पडलं आणि फळीला काहीच कळलं नाही. रेघ चढली नाही. पुन्हा पेन, पुन्हा काही नाही. खोलीत फक्त पंखा घरघरत होता आणि माझी रेघ सरळ, सपाट, कागदभर चालली होती.

"मग इतका वेळ कॅप्सूल तपासत कोण होतं?" टेलफर्डनी विचारलं.

"आम्हीच," व्हर्ना म्हणाली. "आम्हाला आधीच माहीत होतं. पक्षी ते आमच्याकडून काढून घेत होता."

टेलफर्डनी खुंटीवरची हॅट घेतली. दारात ते थांबले. "हे मला कारखान्यात कळलं असतं तर," ते म्हणाले, आणि जिना चढून गेले. कंपनी पुन्हा आली नाही.

जूनमध्ये व्हर्नाला पदवी मिळाली नाही. तिने किल्ली काढून टेबलावर ठेवली. क्लाइडने ती उचलून आपल्या जुडग्यात घातली आणि म्हणाला, "वर्कशॉपची सफाई करायला मला कोणीतरी हवंच होतं. सफाई करणाऱ्याला किल्ली लागते." त्या उन्हाळ्यात ती सकाळी एका शाळेत शिकवायची आणि दुपारी तळघरात यायची. मला तिने शेजारच्या खोलीत हलवलं, वीस फुटांच्या तारेवर. पक्षी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू. कित्येक आठवडे माझी रेघ सपाट होती.

ऑगस्टमध्ये प्रोफेसर एकदा त्या खोलीत आले. कागद हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. सगळी सपाट रेघ, मध्येच एखादी खरी चोच, म्हणजे एकतीस नंबरने खरोखर कॅप्सूल बघून मारलेली. मी वाट बघत होते ते चष्मा पुसतील म्हणून. त्यांनी पुसला नाही. खिशातून एक पेपरमिंट काढली आणि माझ्या कागदावर, सपाट रेघेशेजारी ठेवली. व्हर्नाच्या मुदतवाढीच्या अर्जावर पुढच्या आठवड्यात त्यांची सही होती.

साठ साली तिला पदवी मिळाली. प्रबंधात पहिली दोन वर्षं जशीच्या तशी लिहिली होती, माझ्या टुकसकट.

आता मी दक्षिण डकोटातल्या एका लहान कॉलेजात आहे. व्हर्नाने तिथे सव्वीस वर्षं शिकवलं. दर वर्षी पहिल्या तासाला ती मला टेबलावर ठेवायची आणि मुलांना टेबलावर तळहात टेकायला सांगायची, एकदा रबर काढून, एकदा घालून. बाकी काही समजवायची नाही. ती गेली तेव्हा मोटर आधीच बंद पडलेली होती, पेनंही वाळली होती. एकतीस नंबर म्हातारपणी क्लाइडच्या परसात मेला, पोटभर दाणे खाऊन. खऱ्या एडनाने म्हणे त्याच्यावरून क्लाइडशी भांडण काढलं होतं.

मी कपाटात आहे. बाहेर हल्ली सगळे हातात एक काचेची पाटी धरून असतात. ती थरथरली की माना वळतात, बोटं आपोआप चालतात. ती त्यांच्याकडे बघते की ते तिच्याकडे, मला इथून नीट दिसत नाही. पण बघणारीला आपण नुसतं बघतोय असंच वाटत असतं, हे मी स्वतःवरून सांगते.

परवा कपाट साफ करणाऱ्या मुलीने मला उलटं केलं. माझ्या खाली ट्यूबचे चार तुकडे चिकटलेले आहेत, कडक, भेगाळलेले. ती नखाने एक खरवडायला लागली, मग कोणीतरी हाक मारली म्हणून गेली. 

परत येशील तेव्हा, बाई, माझ्यावरची धूळ पूस. पत्र्याला रंग हवा तर तोही दे. पण ते चार तुकडे राहू दे. मोटर पुन्हा कधी चालली, तर माझ्या शेजारी कोणीतरी आपल्या डोळ्यांनी बघायला शिकत असेल.